लाल फुली

मी संशयी आहे हे मला कोणी सांगायला नको. सव्वीस वर्षं मी कापडाच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली. समोरून कापड सरकत जायचं आणि मी त्यात खोट शोधायची. तुटका धागा, तेलाचा डाग, विणीतली गाठ. खोट सापडली की लाल पेन्सिलीने फुली मारायची आणि तागा परत पाठवायचा. चांगलं कापड किती मीटर गेलं हे मला कधी कोणी विचारलं नाही. माझी सून म्हणते, "आईंना पौर्णिमेचा चंद्र दाखवा, त्या आधी डाग दाखवतील." खोटं बोलत नाही ती, फक्त पाहुण्यांसमोर बोलते.

कारखाना बंद पडल्यावर घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत मी पाळणाघर काढलं. सहा मुलं, सगळी साडेतीन वर्षांच्या आतली. पद्धत मात्र कारखान्याचीच ठेवली. माल ताब्यात घेताना तपासून घ्यायचा. सकाळी मूल दारात आलं की आणणाऱ्याच्या देखत त्याचे कपडे सैल करायचे, हात-पाय-पाठ-पोट बघायचं आणि वहीत लिहायचं. तारीख, मूल, काय दिसलं, आणणारा कोण. संध्याकाळी कोणी म्हणायला नको, "मावशी, हे तुमच्याकडे झालं." आईबापांना पहिले काही दिवस राग यायचा, मग सवय व्हायची. लिहिलेलं खोडायचं नाही हाही कारखान्याचाच नियम. चूक झाली तर त्याच्याखाली दुसरी नोंद करायची आणि सही.

त्या सहांतली एक अडीच वर्षांची मुलगी. तिला आम्ही बटण म्हणायचो. झोपताना तिला मुठीत कोणाच्या तरी कपड्याचं बटण लागायचं, त्याशिवाय डोळा मिटायचा नाही. माझ्या दोन गाऊनची वरची बटणं तिने ओढून ओढून सैल केली होती. तिची आई पुलाच्या कामावर मोजणी करायची, आणि त्या कामासाठी चार महिने परगावी गेली होती. त्यामुळे बटणला आणायचं, न्यायचं सगळं बापाकडे.

बाप वेल्डर. दारात उभा राहिला की चौकट भरायची. हातांवर ठिणग्यांचे जुने डाग, बोटं जाडजूड. बोलणं मोजून तीन शब्दांचं. "आली." "खाल्लं?" "येतो." घुम्या माणसावर माझा विश्वास नाही. बडबड्या माणूस खोटं बोलला तर कुठेतरी सापडतो, घुम्याचं काय सापडणार? त्यात आई घरात नाही. मी मनात म्हटलं, इथे डोळ्यांत तेल घालून बघायला हवं.

आई गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली नोंद झाली. उजवा पाय टाकताना कुरकुरते. मी बापाकडे पाहिलं. तो म्हणाला, "पडली असेल." असेल म्हणजे? बापाला माहीत नको? दोन दिवसांनी बटण रडून लाल होऊन आली. चालायला तयार नाही, पाठीवर लालसर, बाप चिडलेला. मी 'आणणारा: बाप' या शब्दांसमोर पहिल्यांदा लाल पेन्सिलीने फुली मारली. तोवर त्या वहीत मी कधी माणसावर फुली मारली नव्हती.

एकदा फुली मारली की पुढच्या आपोआप सापडतात. ती जेवेनाशी झाली. बाप म्हणाला, "आईची आठवण." फुली. पोट पुढे आलेलं, हातपाय काटक्या. फुली. उगाच घाम यायचा, चिडचिड करायची. फुली. तो तिला कडेवरून उतरवताना ती रडायची आणि माझ्याकडे हात करायची. मोठी फुली. तो तिला इतरांसारखं काखेत हात घालून उचलायचा नाही, खालून दोन्ही तळव्यांवर घ्यायचा. मी लिहिलं, 'मूल नीट उचलत नाही.' फुली.

मग एका सोमवारी डाव्या डोळ्याखाली काळंनिळं दिसलं. मी बोट फिरवलं. सूज नव्हती, खरचटलेलं नव्हतं, पोर रडलीही नाही. तेही मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'सूज नाही, ओरखडा नाही.' लिहिलं, पण त्याचा अर्थ काढला नाही. अर्थ मी आधीच काढून ठेवला होता. गुरुवारी दोन्ही डोळ्यांभोवती काळं. एका डोळ्यावर मूल पडू शकतं. दोन्ही डोळ्यांवर पडायचं तर मधलं नाक कुठे ठेवायचं?

"हे कसं झालं?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. माणसाने माणसाकडे बघावं तसं ते बघणं नव्हतं. मग म्हणाला, "तेच मला विचारायचंय."

चोराच्या उलट्या बोंबा, मी मनात म्हटलं. तो गेला तशी मी फोन उचलला आणि बालसंरक्षण कार्यालयाला लावला. सात आठवड्यांची वही माझ्यापाशी होती. पुरावा पक्का व्हावा म्हणूनच तर मी इतके दिवस तोंड शिवून बसले होते. पाळत ठेवायची तर ती चोराला सांगून का ठेवतात?

तासाभरात कार्यालयातली बाई आली. पंचेचाळिशीची, चापूनचोपून केस बांधलेली, हातात चामडी फाइल. तिने वही चाळली, माझा लेखी जबाब घेतला आणि म्हणाली, "मुलीला तपासायला हॉस्पिटलमध्ये नेऊ. तपासणी होईपर्यंत वडील तिच्याजवळ जाणार नाहीत. तुम्ही चला, ती तुम्हाला ओळखते." मला माझाच अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, वाटला.

हॉस्पिटलमध्ये लहान मुलांचे डॉक्टर म्हणजे साठीचा, वाळका, हळू बोलणारा माणूस. त्यांनी आधी हात ऊन पाण्याखाली धरून गरम केले, मग बटणच्या पोटावर ठेवले. डाव्या बाजूला बरगडीखाली त्यांचा हात थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा तिथेच थांबला. पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"काही नोंदी आहेत म्हणे?"

मी वही पुढे केली. ते उभ्या उभ्याच वाचायला लागले, मग स्टूल ओढून बसले. पाय, भूक, पोट, घाम, डोळे. त्यांनी दोनदा पानं मागे उलटली.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी," मी ताठ होऊन म्हटलं. साक्षीदाराला शाबासकी मिळते ती वेळ हीच, असं मला वाटलं.

"फार चांगलं लिहिलंय. इतकं बारीक माझे शिकाऊ डॉक्टरही लिहीत नाहीत." त्यांनी चष्मा काढला. "पहिली नोंद सात आठवड्यांपूर्वीची आहे. मुलीला डॉक्टरकडे न्या, असं वडिलांना सांगितलं होतंत का?"

"नाही," मी म्हटलं.

दुपारपर्यंत सोनोग्राफी झाली, लघवी तपासायला गेली. मग डॉक्टरांनी मला आणि त्या बाईंना समोर बसवून कागदावर मूत्रपिंड काढलं, त्याच्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी काढली. म्हणाले, मूल पोटात असताना मज्जातंतूंच्या कच्च्या पेशी तयार होतात. पुढे त्या पिकतात, आपापल्या कामाला लागतात. एखाद्या मुलात त्यातल्या काही पिकतच नाहीत, नुसत्या वाढत सुटतात. त्याची गाठ होते, बहुतेक वेळा इथे, या ग्रंथीत. हा मज्जातंतूंचा कॅन्सर. फार थोड्या मुलांना होतो, आणि झाला तर बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत. कोणाच्या खाण्यापिण्याने होत नाही, कोणाच्या दुर्लक्षाने होत नाही.

"आणि डोळे?" बाईंनी विचारलं.

"या पेशी हाडांत शिरतात. पायाच्या हाडात शिरल्या की मूल लंगडतं, उचलताना रडतं. डोळ्यांच्या खोबणीमागच्या हाडात शिरल्या की तिथे रक्त साकळतं आणि बाहेर असं काळं दिसतं. मार न लागता. पाहणाऱ्याला हमखास वाटतं, कोणीतरी मारलंय." त्यांनी वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "सूज नाही, ओरखडा नाही. यांनी लिहिलंयसुद्धा."

कापडात खोट दोन प्रकारची असते. एक बाहेरून पडलेला डाग, तो हमालाचा दोष. दुसरी सुतातूनच आलेली, तिथे हमाल बिचारा काय करणार? नव्या मुलींना पहिल्या दिवशी मी हेच शिकवायची. सव्वीस वर्षं शिकवलं, आणि समोर जिवंत पोर आल्यावर विसरले.

"आम्ही सात आठवडे घालवले," मी म्हटलं. "मी घालवले. त्याने किती फरक पडला?"

"ते मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला बरं वाटावं म्हणूनही नाही आणि वाईट वाटावं म्हणूनही नाही. उपचार आहेत. लांबचे आहेत, वर्ष-दीड वर्षाचे. औषधं, ऑपरेशन, पुन्हा औषधं. काही मुलं बरी होतात, काही होत नाहीत. आधी किती पसरलंय ते बघायला उद्या दुपारी हाडाच्या आतला मगज तपासू. भूल देऊन. आई पोचेल?"

आई दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत पोचणार नव्हती. कार्यालयाने कळवल्यावर आलेला बाप खाली जिन्याजवळच्या बाकावर होता, आणि त्याला वर यायची मनाई होती. ती मनाई माझ्या सहीची होती.

रात्र बटणने नर्सच्या कोटाचं बटण धरून काढली, असं मला सकाळी कळलं. मी आठ वाजताच त्या बाईंना गाठलं.

"मला माझा जबाब मागे घ्यायचाय. त्या माणसाने काही केलेलं नाही. त्याला पोरीजवळ जाऊ द्या. भूल द्यायच्या आधी तिच्याजवळ आपलं कोणीतरी हवं."

बाईंनी फाइल बंद केली. "काल तुम्ही लेखी दिलंत. आज फिरवताय. काल संध्याकाळी ते भेटले का तुम्हाला?"

"नाही हो."

"काही बोलले? घराबद्दल, मुलांबद्दल? धमकी?"

"त्याच्या तोंडून तीन शब्द निघत नाहीत, धमकी कुठून देणार?"

"मग एका रात्रीत मत कसं बदललं?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आणि मावशी, एक विचारू? मूल दिवसाचे नऊ तास तुमच्याकडे असतं. पाठीवर लालसर, असं तुम्हीच लिहिलंय. आता घाईघाईने सगळं मिटवायचंय, ते कोणासाठी?"

मला माझाच आवाज तिच्या तोंडून ऐकू येत होता. तीच नजर, तोच गोड सूर, तीच मनातली लाल पेन्सिल. मी काहीही बोलले असते तरी तिची फुली पडणारच होती. मला राग आला, आणि रागवायला मला तोंड नव्हतं हे कळून आणखी राग आला. संशय घेताना एक फोन पुरतो. तो परत घ्यायला गेलं तर घेणाऱ्यावरच उलटतो.

"प्रक्रिया आहे," बाई म्हणाल्या. "वरिष्ठांकडे कागद जाईल. तीन दिवस लागतील."

"तपासणी आज बारा वाजता आहे!"

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा खाली आला. "माझ्या जागी तुम्ही असतात तर सोडलं असतंत का?"

नसतं सोडलं, हेच खरं. मी तशीच डॉक्टरांकडे गेले. ते दुसऱ्या मुलाला तपासत होते. मी दारातच उभी राहून सांगितलं, की मी चुकले, माझ्या चुकीने बाप बाहेर बसलाय, माझं आता कोणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी कागद ओढला आणि चार ओळी लिहिल्या. डोळ्यांभोवतीचं काळं मारामुळे नाही, सोनोग्राफीत दिसलेल्या गाठीशी जुळतं. मुलीच्या भल्यासाठी वडील जवळ असणं गरजेचं आहे. खाली सही, शिक्का. बाईंनी तो कागद दोनदा वाचला, फोनवर कोणाशी तरी बोलल्या आणि अकरा वाजून चाळीस मिनिटांनी म्हणाल्या, "बोलवा त्यांना. मी इथेच आहे."

बाप जिना चढून आला. बटण माझ्या मांडीवर होती, मूठ माझ्या बटणावर. त्याला पाहिलं आणि तिने माझं बटण सोडलं. त्याने तिला काखेत हात घालून नाही उचललं. खालून, दोन्ही तळवे तिच्या बुडाखाली घेऊन, अगदी सावकाश उचललं, आणि तिने त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण पकडलं. कसं उचललं की कमी दुखतं ते या माणसाने कोणी न सांगता शोधून काढलं होतं. आणि मी लिहिलं होतं, मूल नीट उचलत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बारा वाजता ती त्याच्या खांद्यावरच भुलीने झोपली. नर्सने त्याच्या शर्टावरून एकेक बोट सोडवलं आणि तिला आत नेलं. दार बंद झालं. आम्ही दोघं बाकावर बसलो, मधे माझी वही. बाई व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला फाइलमध्ये लिहीत होत्या.

मग त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. बटणचे फोटो होते. तोंड, पाठ, पाय. प्रत्येक फोटोत मागे माझ्या पाळणाघराचं फाटक.

"रोज काढायचो," तो म्हणाला. "तुमच्याकडून घेतली की."

"कशाला?"

"मला वाटायचं तुम्ही मारता."

मला हसू फुटलं आणि मधेच रडू आलं. सात आठवडे आम्ही एकमेकांवर पाळत ठेवून होतो, आणि चोर तिसराच, तिच्या पोटात बसलेला.

"मग आणत का होतात?"

"दुसरीकडे जागा नव्हती." तो थांबला. "आणि तुमच्याकडे येताना ती रडायची नाही. तेच कोडं होतं. पायासाठी दोनदा डॉक्टरकडे नेलं. लचक म्हणाले. तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, सावध व्हाल."

मी वही उघडली आणि त्याच्या हातात दिली. त्याने पहिल्या पानापासून वाचायला घेतली. ओठ हलवत वाचत होता. फुलीवर बोट ठेवून त्याने विचारलं, "ही कसली खूण?"

"कारखान्यातली. माल परत पाठवायचा असला की मारतात."

मी वही परत घेतली. खोडायचं नाही हा नियम होताच. प्रत्येक फुलीखाली मी निळ्या पेनने लिहीत गेले, 'माझी चूक', आणि सही. भूक, पोट, घाम, कडेवरून उतरताना, उचलणं, डोळे. सव्वीस वर्षांत मी एकही फुली मागे घेतली नव्हती. हात भरून आला. लिहून झाल्यावर एकच उरली होती, अगदी पहिली. तिच्यावर पेन टेकवलं तोच त्याने माझा हात धरला.

"ही नको."

रडून लाल. चालायला तयार नाही, पाठीवर लालसर, बाप चिडलेला.

"त्या दिवशी रस्त्यात बसली," तो म्हणाला. "पाऊल टाकेना. मला कामाला उशीर. मला वाटलं नखरे करते. पाठीत एक धपाटा घातला मी. तिचा पाय दुखत होता हो मावशी. तिचा पाय दुखत होता आणि मी तिला मारलं."

एवढा मोठा माणूस तोंड झाकून रडायला लागला. सात आठवडे ज्या एका वाक्यासाठी मी वही भरली होती ते वाक्य तो स्वतः माझ्या हातात देत होता. दहा पावलांवर बाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "बाप आहे, रडणारच."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग पुन्हा फाइलकडे वळल्या. वहीत खोचलेली लाल पेन्सिल मी पर्समध्ये टाकली. त्या नोंदीखाली 'माझी चूक' लिहिलं नाही, कारण ती माझी एकटीची नव्हती. मी लिहिलं, 'पाय दुखत होता. दोघांनाही कळलं नाही.' खाली सही केली आणि पेन त्याच्यापुढे धरलं. त्याने डोळे पुसले, पेन मुठीत मुलासारखं घट्ट धरलं आणि 'आणणारा'च्या रकान्यात सही केली.